कोणाचा शब्द कोठें प्रमाण मानावा?

घड्याळ बंद पडलें तर तें आपण गवंड्याकडे नेत नाहीं, आणि भिंत ढासळली तर घड्याळजीस बोलावीत नाहीं. व्यवहारांत हें तारतम्य आपणां सर्वांस असतें. परंतु कोणाचें मत ग्रहण करण्याचा प्रसंग आला म्हणजे तें कोठें लोपतें कोण जाणे! एकदां एखाद्यास थोर मानलें कीं, त्याचें कोणत्याही विषयावरील बोलणें आपण प्रमाण धरतों.

या संबंधांत अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग (१९०१-१९९४) यांचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. रासायनिक बंधाच्या संशोधनाबद्दल त्यांस १९५४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, व अण्वस्त्रांच्या चाचण्यांविरुद्ध केलेल्या कार्याबद्दल १९६२ सालचें शांततेचेंही. दोन नोबेल पारितोषिकें, कोणाशींही वांटून न घेतां, मिळविणारे तेच एक. त्यांनीं १९७० सालीं पुस्तक लिहून प्रतिपादिलें कीं, ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणांत घेतल्यास पडसें टळतें. पुढें कर्करोगावरही त्यांनीं तेंच सुचविलें. एवढ्या विद्वानाच्या शब्दावर शंका कोणी घ्यावी? लोकांनीं तें जीवनसत्त्व भराभर विकत घेतलें. परंतु चाचण्यांचा निर्णय निराळा पडला. सामान्य माणसांस त्यायोगें पडसें कमी वेळां होतें असें दिसलें नाहीं. नित्य घेणाऱ्यांचें दुखणें किंचित् लवकर आटोपतें, इतकेंच. मेयो क्लिनिकनें १९७९ व १९८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत कर्करोगाच्या रोग्यांस कांहींच लाभ आढळला नाहीं.

याचें कारण उघड आहे. रेणूची घडण प्रयोगशाळेंत कळते. औषधाचा गुण मात्र, तें घेणारे व न घेणारे अशा पुष्कळ रोग्यांची तुलना केल्यावांचून कळत नाहीं. शिवाय स्वतःच्या विषयांतही थोरांचा शब्द अखेरचा नसतो. स्फटिकांची रचना हा तर पॉलिंग यांचा हातखंडा विषय. तरीही डॅन शेख्टमन यांस १९८२ सालीं आढळलेली अणूंची अपूर्व मांडणी त्यांनीं शेवटपर्यंत मान्य केली नाहीं. आणि त्याच शोधाबद्दल शेख्टमन यांस २०११ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

म्हणून कोणावरच विश्वास ठेवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तसें करणारा मनुष्य शेवटीं केवळ स्वतःच्या अज्ञानावर विसंबतो. आमचें सांगणें इतकेंच कीं, मुलांमुलींनीं तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी: या विषयांत या गृहस्थानें स्वतः काम केलें आहे काय? त्याच विषयांतील इतर जाणते काय म्हणतात? आणि पुरावा कोणता?

आम्ही शिक्षकही या कसोटींतून सुटत नाहीं. व्याकरण उत्तम शिकविणारे गुरुजी तापावर औषध सुचवूं लागले, तर त्यांस नमस्कार करावा, परंतु प्रकृति डॉक्टरांसच दाखवावी. आणि घरीं मुलानें नम्रपणें “हें आपणांस कशावरून कळलें?” असें विचारलें, तर पालकांनीं तो उद्धटपणा समजूं नये; आपला मुलगा खरोखर शिकत आहे, असें समजून त्यास उत्तर द्यावें.