तेल नालीत जाण्याआधीच अडवावे : सोनपेठमधील व्यावसायिक स्वयंपाकघरांना जाहीर आवाहन

सोनपेठ शहरात व तालुक्यात हॉटेल, खानावळ, धाबा, मिठाईचे दुकान, मंगल कार्यालय किंवा वसतिगृहाची मेस चालवणाऱ्या सर्वांनी भांडी धुण्याच्या मोरीतील सांडपाणी ग्रीस ट्रॅपमधून गेल्यावाचून नालीत सोडू नये, असे कळकळीचे आवाहन करण्यात येत आहे. ग्रीस ट्रॅप म्हणजे मोरी आणि नाली यांच्या मध्ये बांधलेले, आतून कप्पे केलेले झाकणबंद कुंड. त्यात पाण्याचा वेग मंदावतो, पाण्याहून हलके असलेले तेल, तूप व चरबी निवून वर तरंगते, अन्नकण तळाशी बसतात आणि मधल्या थरातील पाणी पुढे निघून जाते.

गरम पाण्याने व साबणाने तेल मोरीतून निघून गेलेले दिसते खरे, परंतु नालीत पोचून थंड झाल्यावर ते पुन्हा घट्ट होते; त्यातच बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला, तर साबणासारखा कठीण थर तयार होतो, जो झाडूने निघत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली अशाच थरातून साचलेला गोळा सुमारे 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा होता. लहान गावाच्या अरुंद नाल्या तुंबायला याचा किंचितसा अंशही पुरेसा ठरतो, आणि तुंबलेली नाली मोकळी करण्याचे काम शेवटी सफाई कामगाराच्या हातांवर येते. गटारे व सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेण्यास 2013 च्या कायद्याने मनाई आहे. तरीही त्यात जीव जात राहिले, म्हणून 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांची भरपाई 30 लाख रुपये केली. स्वयंपाकघरात जे सहज अडवता येते, त्याचा भार दुसऱ्याच्या जिवावर टाकणे कोणत्याही व्यवसायाला शोभत नाही.

नालीतून वाहून गेलेले तेल वाण नदीत व पुढे गोदावरीत पोचल्यास पाण्यावर तवंग धरतो, हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा होतो आणि उन्हाळ्यात प्रवाह क्षीण असताना मासे व अन्य जलचरांवर त्याचा आघात अधिक होतो. जलप्रदूषण प्रतिबंधाच्या 1974 च्या कायद्याचे कलम 24 प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, गटारात वा जमिनीवर सोडण्यास मनाई करते. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात जाणाऱ्या सांडपाण्यात तेल व ग्रीसचे प्रमाण लिटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत जेमतेम दोन चमचे. तळणाची एक कढई थेट मोरीत रिकामी झाली, तर ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

ट्रॅप बसवूनही तो साफ न केल्यास त्याचा उपयोग शून्य. वरचा तवंग आणि तळाचा गाळ मिळून कुंडाच्या खोलीचा चौथा हिस्सा व्यापला, की तो उपसावा, आणि उपसलेला ऐवज नालीत किंवा नदीकाठी न टाकता झाकणबंद डब्यात भरून नगर परिषदेच्या सूचनेनुसार द्यावा. उकळते पाणी ओतून तवंग पुढे ढकलू नये, कारण त्यामुळे अडथळ्याची फक्त जागा बदलते. शौचालयाचे पाणी या कुंडात मुळीच घेऊ नये. ताटे व कढया धुण्याआधी खरडून, राखेने किंवा भुशाने पुसून घेतल्यास निम्मे काम तेथेच होते. भजी-वड्याच्या गाड्यांना कुंड बांधणे शक्य नसले, तरी एवढे निश्चितच शक्य आहे.

तळणाचे उरलेले तेल ट्रॅपमध्येही ओतू नये. त्यातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे वारंवार तापवल्याने निर्माण होणारे अपायकारक घटक, 25 टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल स्वयंपाकात वापरण्यास 1 जुलै 2018 पासून बंदी आहे. असे तेल वेगळे साठवून जैवइंधनासाठी ते गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेलाच द्यावे.

मंगल कार्यालयांनी विशेष दक्षता घ्यावी, कारण तेथे एकाच दिवशी शेकडो पंगती उठतात आणि रोजच्या खानावळीच्या मापाचे कुंड त्या लोंढ्यापुढे टिकत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होण्यापूर्वीच त्यांनी मोठ्या गर्दीच्या हिशेबाने कुंड बांधून घ्यावे व प्रत्येक कार्यानंतर ते तपासावे.