विजेची मोटार : हिशेब कोणाचा जुळतो?

विजेवर चालणाऱ्या मोटारींची चर्चा आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. शहादा-लोणखेड्याच्या परिसरातही शिक्षक, बँक कर्मचारी आणि सधन बागायतदार या गाडीच्या किमतीची विचारपूस करताना दिसतात. ‘पैशाला रुपयाचे काम करते’ असे विक्रेता सांगतो. ‘दोन-तीन लाख आधीच जास्त मोजायचे, मग वाचले काय?’ असे शेजारी विचारतो. वस्तुतः दोघेही अर्धेच बोलत असतात.

कर, नोंदणी धरून गाडी दारात उभी राहीपर्यंतच्या किमतीत 3 लाख रुपयांचा फरक आहे असे मानू. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि लिटरला 17 किलोमीटर धरले, तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे 6 रुपये 20 पैसे खर्च येतो. विजेच्या लहान गाडीला, भारताना होणारी गळती धरून, एका युनिटला साडेसहा किलोमीटर मिळाले आणि युनिट 13 रुपयांना पडले, तर हा खर्च 2 रुपये होतो. म्हणजे किलोमीटरमागे 4 रुपये 20 पैशांची बचत.

आता दोन नोकरदारांची कल्पना करा. पहिला लोणखेड्यात राहतो, शहाद्याच्या बाजारात जातो आणि महिन्यातून दोनतीनदा धुळ्याला जातो. त्याची धाव महिना 800 किलोमीटर. दुसरा नंदुरबारला राहून, प्रकाशा येथे तापी ओलांडून, रोज चाळीसेक किलोमीटर येतो आणि तेवढेच परत जातो. त्याची धाव महिना 2,000 किलोमीटर. पहिल्याची वार्षिक बचत 40 हजार, दुसऱ्याची 1 लाख. सर्वसाधारण माणूस 3 लाखांना 40 हजारांनी भागून साडेसात वर्षे असे उत्तर काढतो, आणि येथेच चुकतो. जादा मोजलेल्या 3 लाखांवर 9 टक्क्यांनी पहिल्या वर्षी 27 हजार रुपये व्याजच होते. ते जमेस धरले की पहिल्याला रक्कम वसूल व्हायला बारा-तेरा वर्षे लागतात. दुसऱ्याची साडेतीन ते चार वर्षांत होते. बहुतेक कंपन्या बॅटरीची हमी 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत देतात. पहिल्याची वसुली हमी संपल्यानंतरच्या काळात जाते, आणि खानदेशातला उन्हाळा बॅटरीच्या आयुष्याला मानवणारा नाही. (तोरणमाळचा घाट उतरताना गाडी थोडी वीज परत मिळवते ही गंमत खरी, पण तेवढ्यावर हिशेब बदलत नाही.)

विजेचा दरही सरळ नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. 100 आणि 300 युनिटांच्या पायऱ्या कारकुनाच्या घरातही पाठ असतात. दुसऱ्या नोकरदाराच्या गाडीला महिन्याला सुमारे 300 युनिटे लागतील, म्हणजे घराचा वापर वरच्या पायरीवर जाईल. स्वतःचे छप्पर असेल, तर 2024 साली सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॉटच्या संचावर 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते आणि ही अडचण बरीचशी सुटते. भाड्याच्या खोलीत राहून गाडी रस्त्यावर उभी करणाऱ्याला मात्र हा मार्ग नाही. त्याला सार्वजनिक केंद्रावर महाग वीज घ्यावी लागेल.

सरकारी धोरणानेही पारडे खालीवर केले आहे. लहान पेट्रोल मोटारीवर पूर्वी अधिभारासह 29 टक्के कर होता, विजेच्या मोटारीवर 5 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पासून पहिला 18 टक्क्यांवर आला, दुसरा तेथेच राहिला. चोवीस टक्क्यांची आघाडी तेरांवर आली. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांपर्यंतची प्राप्तिकर वजावटही 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. महाराष्ट्राच्या 2025 च्या धोरणाने अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा पथकर माफ केला. पण शहाद्याच्या माणसाला त्याचा लाभ वर्षातून कितीदा होणार?

माझे मत असे, की महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्याने आणि घरी भारण्याची सोय असणाऱ्याने ही गाडी जरूर घ्यावी. इतरांनी थांबण्यात तोटा नाही, कारण 2010 पासून बॅटरीच्या किमती जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरल्या आहेत. मात्र मोटार-करमाफीचा बोजा शेवटी सर्व करदात्यांवर पडतो, आणि त्यांत धडगाव-अक्कलकुव्याहून एसटीने येणारा प्रवासीही आहे. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी विजेची ‘शिवाई’ सुरू झाली. एसटीची गाडी दिवसाला शेकडो किलोमीटर चालते. वर मांडलेला हिशेब तिच्या बाबतीत सर्वांत लवकर जुळतो, आणि मोटारीच्या सवलतीचा पैसा आधी तिकडे का वळू नये, हे सरकारने सांगितले पाहिजे.