नर्सिंगची पदवी : घाण काम की हक्काचा पेशा?

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. कामतघरात वऱ्हाळदेवी तलावाच्या बाजूला आमचे एक समाजबांधव राहतात. मूळचे परभणी जिल्ह्यातले, आयुष्य यंत्रमागावर गेलेले. त्यांची थोरली मुलगी विज्ञान शाखेतून ६१ टक्क्यांनी पास झाली. तिने नर्सिंगची सीईटी दिली होती आणि तिला बी.एस्सी. नर्सिंगच करायचे होते. कागदपत्रांसाठी ती बापाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी बोलत होती, बाप गप्प होता. शेवटी तो म्हणाला, "वकीलसाहेब, बाबासाहेबांनी आपल्याला घाण काम सोडाया लावलं. आन तुम्ही माझ्या पोरीला लोकाचं हागणं-मुतणं काढायला धाडता व्हय?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे बंद करा, मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, असे निक्षून सांगितले. वस्त्यावस्त्यांतून लोकांनी ते ऐकले आणि त्यापायी बहिष्कार सोसले, मारही खाल्ला. ज्या महारवतनाने आपल्याला गावाचे वेठबिगार केले, ते कनिष्ठ गावकामगार वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. गावोगाव सुईणपणही महार-मांगांच्या बायकांकडेच असे. नाळ कापायला आमची बाई चालत होती, पण त्याच घरात तिला पाण्याचा तांब्या वरून ओतून मिळत होता. ज्याच्या आजीने हे भोगले, त्याच्या मनात नर्सिंगविषयी शंका येणारच. ती शंका स्वाभिमानातून आलेली आहे, अडाणीपणातून नव्हे. म्हणून तिला उत्तरही तसेच द्यावे लागते.

मी त्यांना एवढेच विचारले, सरकारी दवाखान्यात कधी चार दिवस राहिलात का? राहिले होते, आई आजारी असताना. मग वॉर्डात बेडपॅन कोण उचलत होते, फरशी कोण पुसत होते, आणि केसपेपरवर सही कोण करत होते, हे आठवा म्हटले. मावशी, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांत आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आता तर तीही कंत्राटावर. औषधाची मात्रा तपासणारी, रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास बिघडला हे ओळखून डॉक्टरला उठवणारी, नोंद करून तिच्याखाली आपले नाव लिहिणारी ती परिचारिका. तिचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते, तिला नोंदणी क्रमांक असतो आणि १९६६ चा कायदा तिच्या पाठीशी असतो. ती पगार घेते आणि पटले नाही तर राजीनामा देते. गावकीच्या कामाला राजीनामा नव्हता. वेळ आली तर परिचारिकाही रुग्णाची घाण काढते, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही. पण ते ती जातीमुळे करत नाही, शिकली म्हणून करते.

या पेशाला हलका कोणी ठरवला, तेही बघा. परक्या जातीच्या, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र बघायचे, म्हणून उच्चवर्णीय घरांनी कित्येक वर्षे आपल्या मुली या कामाला पाठवल्या नाहीत. म्हणून भारतीय परिचर्येचा सुरुवातीचा इतिहास मुख्यतः मिशन दवाखान्यांचा आणि ख्रिस्ती मुलींचा आहे. पण त्या विटाळाला न जुमानणारी एक बाई आपल्याकडे होऊन गेली. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. आपल्या घरात त्यांचा फोटो पहिली शिक्षिका म्हणून लागतो. परिचारिका म्हणूनही लागायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवला. गोऱ्यांच्या घरी गुलाम म्हणून शुश्रूषा केलेल्या समाजातून मेरी महोनी १८७९ साली बोस्टनमध्ये प्रशिक्षण पूर्ण करून पहिली व्यावसायिक कृष्णवर्णीय परिचारिका झाली. पुढे १९०८ साली काळ्या पदवीधर परिचारिकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली. त्यांनी काम सोडले नाही, त्या कामाचे प्रमाणपत्र आणि त्याचा दाम मागितला. पँथरचे नाव तिकडून घेणाऱ्या आपण हेही घ्यायला हवे होते.

आता मुद्द्याचे. नर्सिंग म्हणजे सरसकट एक कोर्स नव्हे. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, हे दोन्ही पदविकेच्या पातळीवरचे. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पदवीला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. अनुसूचित जातीला ४० टक्के पुरेत, खुल्या गटाला ४५. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवे. जी.एन.एम.ला कला-वाणिज्यवालेही चालतात. फरक पुढे कळतो. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत बी.एस्सी.वाली थेट परीक्षेला बसते, जी.एन.एम.वालीला ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव आधी दाखवावा लागतो. एम.एस्सी., शिक्षकाची नोकरी, सगळे दरवाजे पदवीवरच आहेत. ज्या घराला चार वर्षे झेपत नाहीत त्यांनी जी.एन.एम. करावे, नंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घ्यावी; त्यात कमीपणा नाही. पण ज्या मुलीला विज्ञानात गुण आहेत तिला केवळ "लवकर कमवायला लागेल" म्हणून खालच्या कोर्सला ढकलू नका. मुलगा असता तर ढकलले असते का? आणि मुलांनाही हा कोर्स खुला आहे, हे सांगूनही आपले तरुण ऐकत नाहीत ते वेगळे.

तिसरा प्रकार मात्र प्रवेशच नव्हे. नाक्यानाक्यावर दुमजली इमारतीत "सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी" असे फलक दिसतात. त्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषद नोंदणी करत नाही. अशा मुली खासगी दवाखान्यात पांढरा गणवेश घालून तुटपुंज्या पगारावर राबतात, आणि रुग्णाचे काही बरेवाईट झाले तर पहिली तीच अडकते. असली दोन प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत. परराज्यात नेणारे एजंटही असतात. मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाला सीबीआयकडे द्यावी लागली, आणि मे २०२४ मध्ये ती चौकशी करणारे अधिकारीच लाच घेताना पकडले गेले. म्हणून कॉलेजचे नाव परिचर्या परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या यादीत स्वतः वाचल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

पदवीचा प्रवेश २०२३ पासून राज्याच्या स्वतंत्र नर्सिंग सीईटीवर होतो. त्याआधी काही वर्षे नीटचे गुण धरले जात. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे पाच भाग असतात. आपल्या मुली परीक्षेत मार खात नाहीत, मार खातात त्या कागदांवर.

या मुलीचेच बघा. शाळेच्या दाखल्यावर धर्म बौद्ध, जातीच्या रकान्यातही बौद्ध. जात पडताळणीला पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. धम्मदीक्षा झाली १९५६ साली. मग १९५० च्या आधीच्या कागदावर बौद्ध शब्द येणार कुठून? तिथे महार हाच शब्द सापडणार, आणि तोच लागतो. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्या मूळ जातीच्या आधारावर. बाप म्हणाला, "जो शबुद आम्ही टाकून दिला तोच उकरायचा का?" मलाही ते आवडत नाही. पण धर्माचा रकाना तुमच्या श्रद्धेचा आहे, जातीचा पुरावा तुमच्यावर झालेल्या अन्यायाचा आहे. न्यायालयात अन्यायाचा पुरावा द्यायला लाजत नाहीत.

आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मी म्हटले, चुलत आजोबा? ते दोन वर्षे गेले होते. गावच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागवला, त्यात जात स्पष्ट होती. तो नसता तर तहसिलातून कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ चा जन्म-मृत्यूचा उतारा काढला असता. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत सापडतात. भाषांतर करून घ्यावे लागते, त्याला वेळ धरा. शिवाय मुलीच्या सख्ख्या चुलत भावाकडे वैधता प्रमाणपत्र होते आणि घरात कोणी सांगितलेच नव्हते! पितृकुळातल्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता डावलता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली निचळे खटल्यात सांगितले आहे. अर्थात ती वैधता फसवणुकीने मिळवलेली नसावी. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करून दोन्ही कागद जोडले.

हे सगळे अकरावीतच व्हायला हवे होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा पडताळणी अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. तिच्या कॉलेजातल्या कारकुनाने "निकालानंतर बघू" म्हणून परत पाठवले होते. निकालानंतर हातात आठवडे उरतात, आणि वैधता नसेल तर मुलगी खुल्या गटात फेकली जाते. मग एजंट येतो, व्यवस्थापन कोट्यातली जागा दाखवतो. त्या जागेला भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळत नाही. केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा घेतली आणि घरचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तरच शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर चालतो. एका सहीने चार वर्षांचे कर्ज डोक्यावर बसते, ते असे.

पगाराबद्दलही खोटी आशा दाखवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २० हजार रुपये द्यावेत, दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, अशी शिफारस केली. केरळात परिचारिका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान वेतन अधिसूचित केले. आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये काय देतात ते विचारून बघा. पदवी घेतलेल्या आपल्या मुली उद्या या लढ्यात हव्या आहेत, नुसत्या नोकरीत नव्हे.

त्या बापाने त्या दिवशी हो म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो परभणीच्या गाडीत बसला आणि उतारा घेऊन आला. येताना गावच्या आणखी दोन पोरांचे उतारे त्याने काढून आणले होते. मुलगी सध्या ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम लावते आहे. पहिले नाव भायखळ्याच्या जे.जे.चे, कारण सरकारी आहे आणि कामतघरहून ठाणे गाठले की पुढे लोकल थेट जाते. तिथे लागेल की नाही ते फेरी सांगेल.

आमच्या विहारात आम्ही दर रविवारी सकाळी दहा ते एक बसतो. अकरावीला गेलेल्या मुलामुलींनी आताच यावे. शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, आजोबा-चुलत आजोबांचे जे काही असेल ते, आणि घरात कोणाचीही वैधता असेल तर ती. मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. फी नाही.