वजन सारखे, जोड विषम

लाइटवेट गटाच्या व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये दोघांचेही वजन १३५ पौंडांच्या, म्हणजे सुमारे ६१ किलोंच्या आत असावे लागते. काट्यावर लढत बरोबरीची दिसते. अनुभव, ठोशातली ताकद आणि वजन उतरवताना शरीराने गमावलेले पाणी मात्र काटा दाखवत नाही.

अशा विषम जोडीचा अंदाज सोपा असतो : वरचढ खेळाडू लवकर जिंकणार. धोका वाढतो तो हा अंदाज चुकला की. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये अमेरिकेच्या रे मॅन्सिनीसमोर दक्षिण कोरियाचा डुक कू किम उतरला. अमेरिकेत त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. वजन गटात बसवतानाही त्याची दमछाक झाली होती. तरीही तो चौदाव्या फेरीपर्यंत झुंजला. ही चिवट झुंजच त्याला भोवली. मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव होऊन काही दिवसांतच तो दगावला.

पुढे वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती १५ऐवजी १२ फेऱ्यांवर आणल्या. सुधारणा योग्यच, पण अपुरी. जोडच चुकली असेल, तर १२ फेऱ्याही पुष्कळ झाल्या. म्हणून डॉक्टरांचे मत लढतीच्या आदल्या दिवशी नव्हे, जोड ठरतानाच घ्यायला हवे. कमी पडणाऱ्याचा मार वेळीच थांबवणाऱ्या पंचाला आणि प्रशिक्षकाला प्रेक्षकांनी भित्रा म्हणू नये. ज्या लढतीचा निकाल सट्टेबाजाला आधीच ठाऊक असतो, तिच्या परवानगीवर सही करताना हात थोडा अडखळलेलाच बरा.