यंत्र पूर्ण झाले असते तर

विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांच्या १९९० सालच्या ‘द डिफरन्स इंजिन’ या कादंबरीत एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांचे, प्रत्यक्षात अपुरे राहिलेले गणनयंत्र यशस्वी होते आणि १८५५चे ब्रिटन वाफेवरच्या संगणकांनी चालते. पर्यायी इतिहासाच्या साहित्यात हे गृहीतक इतके रुजले आहे की, संगणकयुग केवळ बॅबेज यांच्या अपयशामुळे लांबले, असे वाचक नकळत धरून चालतो. लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१मध्ये बॅबेज यांच्या डिफरन्स इंजिनाच्या, म्हणजे गणिती कोष्टके तयार करणाऱ्या यंत्राच्या, दुसऱ्या आराखड्यातील गणनाविभाग त्या काळी साध्य असलेल्या अचूकतेनेच उभारला आणि तो बिनचूक चालला, तेव्हा या समजाला जणू पुरावाच मिळाला. प्रत्यक्षात त्यातून सिद्ध झाले ते एवढेच, की यंत्र घडवणे शक्य होते.

यंत्र पूर्ण झाल्यावर काय घडते, हे स्वीडनच्या गेऑर्ग आणि एडवर्ड शॉइट्झ या पितापुत्रांच्या उदाहरणात दिसते. त्यांचे डिफरन्स इंजिन १८५३मध्ये तयार झाले. पुढे त्याच धर्तीचे दुसरे यंत्र ब्रिटिश नोंदणी कार्यालयाने १८६४च्या आयुर्मान-कोष्टकांसाठी वापरले. पण त्याची सतत देखभाल करावी लागे आणि थोडीच पाने पूर्णपणे त्यावर तयार झाली. हाताने आकडेमोड करणारे कारकून उपलब्ध असल्याने यंत्रावाचून बहुधा कुणाचेच अडत नव्हते.

अडले ते शिरगणतीचे. अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रात कार्डाच्या भोकातून टाचणी उतरून पाऱ्याला टेकली, की विद्युतमंडल पूर्ण होऊन तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. बॅबेज यांच्या अ‍ॅनालिटिकल इंजिनाच्या, म्हणजे हवी ती आकडेमोड करू शकेल अशा यंत्राच्या, कल्पनेपुढे ही रचना अगदी साधी. पण तिच्यामागे प्रत्येक माणसाला ठरावीक रकान्यांत बसवण्याची शासनाची गरज उभी होती. १९३३च्या जर्मन जनगणनेत प्रशियाची माहिती याच तंत्राने मोजली गेली, आणि त्या माहितीत धर्माचाही रकाना होता.

कादंबरीतही नागरिकांच्या नोंदी सांभाळणारे सरकारी खाते आहे, म्हणजे लेखकांना हे नेमके उमगले होते. वाचकांच्या स्मरणात मात्र पितळी चाके उरतात. ही निवड मला चिंताजनक वाटते, कारण सत्तेचे मूळ यंत्रात आहे असे मानणारा समाज संगणकाच्या क्षमतेवर वाद घालत राहतो आणि रकाने कोण आखतो, ते कधी पुसले जातात, हे प्रश्न प्रशासनाच्या सोयीवर सोडून देतो. यंत्रे कालबाह्य होतात. भरलेली माहिती मात्र पुढच्या यंत्रात उतरवता येते, आणि ती देताना लोकांनी जो हेतू गृहीत धरलेला असतो, तो तिच्यासोबत जाईलच असे नाही.