आलेख आपला, किल्ली परक्याची

सार्वजनिक पैशातून कोट्यवधी रुपयांचे यंत्र येते, त्याच्या उद्‌घाटनाची छायाचित्रे छापली जातात. परंतु त्या यंत्राने मोजलेले आकडे पंचवीस वर्षांनंतर कोणास वाचता येतील काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या, म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एनएमआर’च्या बाबतीत तो विचारणे आता अगत्याचे झाले आहे.

या शास्त्राशी मुंबईचे नाते जुने आहे. १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्काच्या संकेतात तीन निरनिराळी शिखरे दाखविली. एकाच रेणूतील हायड्रोजनचे अणू आपापल्या शेजाराप्रमाणे वेगळा स्वर काढतात, हे त्यावरून उघड झाले. यांपैकी डॉ. एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया घातला. त्या काळी चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलीत जावे आणि शिखरे एकामागून एक डोळ्यांसमोर उमटावीत, असा सरळ व्यवहार होता.

१९६४ साली तो पालटला. कॅलिफोर्नियातील व्हेरियन कंपनीत रिचर्ड अर्न्स्ट आणि वेस्टन अँडरसन यांनी रेडिओलहरींच्या एकाच क्षणिक आघाताने सर्व अणूंना एकदम बोलते केले. हाती येतो तो घंटेच्या नादाप्रमाणे विरत जाणारा मिश्र संकेत. त्यातील एकेक स्वर वेगळा काढावयाचा तो फूरियेच्या गणिताने, आणि त्यासाठी संगणक हवा. आरंभी हे आकडे छिद्रित पत्त्यांवर उतरवून संगणकाकडे न्यावे लागत. एका प्रतिष्ठित नियतकालिकाने हा निबंध दोनदा परत पाठविला. १९६६ साली तो अन्यत्र छापला गेला आणि १९९१ साली अर्न्स्ट यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आता यंत्र केवळ संकेत टिपते. आलेख घडविते ते सॉफ्टवेअर.

ही घडण निरपेक्ष नसते. संकेताच्या शेपटीतील खरखर दाबावी, तर शिखरे रुंदावतात आणि जवळची दोन शिखरे एक भासू लागतात. तळरेषा थोडी वरखाली केली की शिखराखालचे क्षेत्रफळ बदलते, आणि हायड्रोजनचे अणू किती हे तर त्या क्षेत्रफळावरूनच ठरवावयाचे! कचेरीतला चांगला कारकून कागदावरील प्रत्येक खाडाखोडीवर सही करतो. येथे मात्र अनेक विद्यार्थ्यांच्या हाती केवळ छापील आलेख पडतो. मूळ संकेत कोठे आहे आणि त्यावर कोणते संस्कार झाले, हे त्यांना ठाऊक नसते.

व्हेरियन कंपनी २०१० साली अ‍ॅजिलेंटने घेतली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अ‍ॅजिलेंटने हा व्यवसायच बंद करीत असल्याचे जाहीर केले. जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांची यंत्रे चालू होती. सुदैवाने त्यांवरील ‘व्हीएनएमआरजे’ हे सॉफ्टवेअर पुढे सर्वांस खुले करण्यात आले. प्रत्येक वेळी असा योग येईल, याची हमी कोण देणार?

कंपन्यांनी नफा मिळवू नये, असे कोणीही म्हणणार नाही. ब्रुकर कंपनीने आपले ‘टॉपस्पिन’ शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य दिले, हेही स्वागतार्हच. तथापि विनामूल्य असणे वेगळे आणि आतील गणित तपासण्यास मोकळे असणे वेगळे. पायथन भाषेतील ‘एनएमआरग्लू’ दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याची ओळ न् ओळ कोणीही वाचावी. अशी साधने सांभाळावयास माणसे लागतात आणि त्यांस वेतन लागते. चुंबक थंड राखणाऱ्या द्रवरूप हेलियमसाठी अंदाजपत्रकात तरतूद करावीच लागते. तशी ती या माणसांसाठीही केली पाहिजे.

यंत्राच्या खरेदीच्या निविदेतच धारिकांच्या रचनेचा संपूर्ण तपशील देण्याची अट घालावी. प्रबंधासोबत मूळ संकेत आणि त्यावरील संस्कारांची यादी विद्यापीठाने जमा करून घ्यावी. जागेची सबब चालणार नाही. साध्या एकमितीय संकेताची नोंद आजच्या एखाद्या छायाचित्राहूनही कमी जागा घेते.