माकड मेल्यावरच जाग

सिंधुदुर्गातील दोडामार्ग-बांदा पट्ट्यात एखाद्या बागेत माकड मरून पडले की यंत्रणा हलते. पावडर मारली जाते, तापाच्या रुग्णांचे रक्त तपासायला जाते, पत्रके वाटली जातात. एरवी त्या जंगलात माकडतापाच्या विषाणूचे काय चालले आहे, हे पाहणे कोणत्याच खात्याच्या कामात बसत नाही. २०१६ मध्ये माकडतापाने सिंधुदुर्गाला हादरवले. त्याच्या आदल्या वर्षी गोव्यात सत्तरीतील पाली गाव त्याने गाठले होते. तरी वरातीमागून घोडे नाचवण्याची रीत सुटलेली नाही.

नावामुळे माकड नाहक बदनाम झाले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, तेव्हा पीतज्वर भारतात शिरला की काय, या शंकेने धाबे दणाणले होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या ‘एनआयव्ही’ने, हा नवाच विषाणू असल्याचे दाखवून दिले. तो गोचिडीतून पसरतो. उंदीर, चिचुंद्री, खार अशा लहान प्राण्यांच्या अंगावर गोचिडीची पिल्ले वाढतात आणि त्यांच्यातच विषाणू फिरत राहतो. या प्राण्यांना सहसा काही होत नाही, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. माकड आणि वानर मात्र आजारी पडून मरतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी खाली गळतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. माकड मेल्याचे कळते, तोवर विषाणू तिथे बरेच दिवस नांदलेला असतो.

यात गुरांचा वाटा अवघड आहे. त्यांना हा आजार होत नाही, पण गवा, सांबर यांच्याप्रमाणे गाय-म्हशींच्या रक्तावरही प्रौढ गोचिडी पोसतात आणि एकेक मादी हजारोंनी अंडी घालते. जंगल तोडून त्याच्या कडेला वस्ती आणि चराई वाढली की गोचिडी वाढतात, हे बॉशेल या संशोधकाने १९६९ मध्येच मांडले होते. आपण त्यानंतरही डोंगर उघडे करतच राहिलो.

माणसाला चावते ते बहुधा गोचिडीचे खसखशीच्या दाण्याएवढे पिल्लू. या पिल्लांचा सुळसुळाट पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. काजूचा हंगामही त्यातच येतो. पातेऱ्यात गळून पडलेली बोंडे वेचायला बायका सकाळपासून वाकलेल्या असतात, बी पिळून काढायला तिथेच बसतात. पुढे अचानक ताप, डोके ठणकणे, अंग मोडून जाणे, काहींना रक्तस्राव. शंभरातले तीन-पाच रुग्ण दगावतात. नेमके औषध नाही. कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी लस परिणामकारक नसल्याने २०२२ मध्ये थांबली. नव्या लशीचे काम सुरू आहे.

तोवर हातात आहे ते करायला कोणाची हरकत असावी? ऑक्टोबरातच उंदीर-चिचुंद्री आणि गोचिडी पकडून तपासाव्यात. पशुसंवर्धन खात्याने गोचिडी हटवायला गोठे हंगामाआधी गाठावेत, वनरक्षकाने मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला द्यावी. वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिन्ही खात्यांना एकत्र बसवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे आहे. अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल सरकारने पुरवावेच; पण बागेचे उत्पन्न घेणाऱ्या मालकाने आणि ठेकेदारानेही मजुरीसोबत त्याचा खर्च उचलला पाहिजे.